गाजरानं मोजलेला तळ

आपल्याला खोटं बोलता येत नाही, असा आमच्या अण्णांचा स्वतःबद्दल समज आहे. घरात बाकी कुणाचाही तसा समज नाही. येलदरीच्या पाण्यावर त्यांच्या हातून निसटलेला दोन किलोंचा मासा जिंतूरला घरी पोहोचेपर्यंत चार किलोंचा होतो, आणि आईनं ताट वाढेपर्यंत त्याला मिशाही फुटतात. अण्णा म्हणजे माझे वडील. मी त्यांची थोरली मुलगी, माझं सासर त्याच गावात दोन गल्ल्या सोडून आहे, आणि नववी-दहावीला भूगोल शिकवणं हा माझा धंदा. समोरचा थाप मारतोय हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. वर्गात तर पोरगं बाकावरून उठायच्या आत कळतं. तरीही अण्णांनी एक थाप आमच्या डोळ्यांदेखत दोन वर्षं पचवली, याचा मला अजून राग येतो.

थाप अशी, की आपल्याला नीट दिसतंय.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, स्टेअरिंग सुटलं आणि हातात गळाची काठी आली. दर रविवारी सकाळच्या गाडीनं येलदरीला जायचं, धरणाच्या भिंतीपासून चांगलं लांब, मागच्या पाण्याच्या काठावर एका बाभळीखाली बैठक मारायची, कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि बडीशेप मळून गोळ्या करायच्या आणि गळाला लावून पाण्यात सोडायच्या. दोरीवर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा वीतभर तुकडा. तो डुबला की मासा लागला, आणि काठीला हिसका द्यायचा. एवढंच त्यांचं सामान. एवढ्यावर त्यांनी रोहू काढले, कटले काढले, मिरगल काढले, आणि जे काढले नाहीत त्यांच्याही गोष्टी सांगितल्या.

मग एका रविवारी ते तीन तास प्लास्टिकच्या एका रिकाम्या बाटलीकडे बघत बसले. बाटली कुणीतरी फेकलेली, अर्धवट बुडून डुलत होती, आणि अण्णांना तो आपला तरंगा वाटला. खरा तरंगा केव्हाच खाली गेला होता. मासा गोळी खाऊन, गळ वाकवून, निवांत निघूनही गेला होता. तिथं जाळं टाकणारे एक काका आहेत, ते होडीतून ओरडले, “डायवरसाब, बाटलीकडं काय बघायलात? तुमची दोरी कवाच गेली की!” काठावरची चार माणसं हसली. अण्णाही हसले म्हणे. घरी येऊन त्यांनी काठी न्हाणीच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि पुन्हा काही तिला हात लावला नाही. यातलं अक्षरही त्यांनी घरात सांगितलं नाही. मला ते पंधरा दिवसांनी बाजारात त्या काकांकडूनच कळलं.

मी त्यांना परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं अण्णांनी भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवली. मला अभिमान वाटला. डॉक्टरही मान डोलवायला लागले होते. मग त्यांनी पाटी बदलली, आणि अण्णांनी तीच अक्षरं त्याच क्रमानं पुन्हा म्हणून दाखवली. आधीचा पेशंट मोठ्यांदा वाचत होता, तेवढ्यात यांनी बाहेर बाकावर बसून सगळं पाठ केलं होतं. माझ्या वर्गातल्या एकाही पोराची आजवर एवढी हिंमत झालेली नाही.

काचबिंदू निघाला. कडेकडेची नजर गेली आहे, नळीतून बघावं तसं मधलं थोडं उरलंय, तेही अंधुक. गेलेलं परत यायचं नाही, थेंब नेमानं घातले तर उरलेलं टिकेल. डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे समजावलं. अण्णांनीही शांतपणे ऐकलं आणि बाहेर येऊन चप्पल शोधत मला म्हणाले, “तसं काय न्हाई. मला समदं दिसायलंय.” चप्पल त्यांच्या पायाशीच होती.

त्यानंतर ते गप्प झाले. अण्णा म्हणजे घरातल्या कुकरच्या शिट्टीवरही मत असलेला माणूस. शेजाऱ्यांनी स्कूटर उभी केली तरी यांना बोलायचं असतं, की मागं का लावली, पुढं का नाही. ते अंगणातल्या खुर्चीवर सकाळी बसायचे आणि ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे, बस्स. माशांच्या वासावरून दर रविवारी त्यांच्याशी भांडलेली आई एका संध्याकाळी माझ्या घरी आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“पोरी, त्यांना पाण्यावर ने,” ती म्हणाली. “लय गप बसायलेत. परवा मी भाजीत मीठच घालायचं इसरले, तरी खाऊन उठले.”

हे ऐकून मात्र मी गॅस बंद केला. अण्णा अळणी भाजी खातात आणि बोलत नाहीत, म्हणजे प्रकरण फार पुढं गेलं होतं. खुर्चीवर बसल्या बसल्या हा माणूस आतून विझून जाईल, अशी मला खरोखर भीती वाटली. मला त्यांना परत त्या बाभळीखाली बसलेलं बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मी आधी त्यांना सरळ विचारून पाहिलं. “पाणी गार पडलंय,” म्हणाले. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर गुडघा दुखतो म्हणाले. मग मी फोनवर शोधायला लागले, की ज्याला तरंगा दिसत नाही तो माणूस मासे कसा धरेल. तिकडं परदेशात लोक कार्प जातीचे मासे तरंग्याशिवाय धरतात. आपले रोहू, कटले त्याच कुळातले. गोळी तळाला टेकवून ठेवायची आणि दोरीला ओढ लागली की ओळखायचं. फक्त तळ माहीत पाहिजे. चिखलात गोळी रुतते, शेवाळात हरवते, आणि मासे चरायला येतात ते जिथं टणक जमीन संपून मऊ जमीन लागते त्या कडेला. आता काठापासून वीस-पंचवीस हात लांब, पाण्याखालची जमीन बघायची कशी? तर त्यासाठी त्यांच्याकडे मार्कर फ्लोट नावाचा एक जाडजूड भगवा तरंगा असतो. मी तो, एक लांब काठी, रीळ, विणलेली दोरी, गळ आणि मासा उचलायची जाळी असं सगळं मागवलं.

पार्सल आईनं उघडलं. तिनं फ्लोट हातात धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “हे प्लास्टिकचं गाजर कशाला मागवलंस?” तेव्हापासून आमच्या घरात त्याला गाजर म्हणतात.

गाजराचं काम तसं सोपं आहे. दोरी शिशाच्या वजनाच्या कडीतून ओवायची आणि टोकाला गाजर बांधायचं. लांब फेकायचं. शिसं तळाला जाऊन बसतं. दोरी ताणली की गाजर बुडून शिशापाशी जातं. मग एकेक फूट दोरी सोडत मोजत बसायचं. ज्या आकड्याला गाजर टुणकन वर येईल, तेवढं तिथं पाणी खोल. मग रिळाचे चार वेढे गुंडाळून शिसं जवळ ओढायचं आणि पुन्हा तेच. ओढताना तळ कसा आहे ते हाताला कळतं, असंही फोनवरच्या व्हिडिओत सांगत होते. माझ्या हाताला काही कळलं नाही. मला सगळं सारखंच जड लागायचं. शेवटी मी तो धडा ऑप्शनला टाकला आणि खोली मोजत राहिले.

चार रविवार मी एकटी गेले. घरी नवऱ्याला सांगितलं, शाळेचा प्रकल्प आहे. थापा मारायचं आमच्या रक्तातच असावं. बाभळीपासून सुरुवात करून दर रविवारी एकेक पट्टा घेतला, डावीकडून उजवीकडे. ते होडीवाले काका जाता-येता चौकशी करायचे.

“मॅडम, मासे सोडून पाणीच मोजायलात का?”

“तुमच्या जाळ्याला भोक पडलंय, ते मोजा आधी,” मी म्हणायचे. उन्हात उभं राहून माझं डोकं आधीच तापलेलं असायचं.

चौथ्या रविवारी आलेखाच्या कागदावर सगळे आकडे मांडले, समान खोलीचे ठिपके रेघांनी जोडले, आणि थक्क झाले. पाण्याखाली टेकडी होती! डावीकडे चौदा फूट खोल, तिथून तळ चढत चढत उजव्या टोकाला साडेनऊ फुटांवर आलेला. सुंदर, नेमक्या समोच्च रेषा, पुस्तकात छापाव्यात अशा. त्या टेकडीच्या उताराला मासे चरत असणार, यात मला तीळभर शंका नव्हती. मी स्कूटी तशीच अण्णांच्या दारात आणून उभी केली आणि खुर्चीवर बसलेल्या अण्णांना कागद न दाखवता सगळं तोंडी सांगितलं. कागद त्यांना दिसणार नव्हता, आणि ते आम्ही दोघंही बोलणार नव्हतो.

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“डावी बाजू कवा मोजलीस?”

“पहिल्या रविवारी.”

“आन उजवी?”

“आज.”

“मधी तीन आठवडे गेले.”

“गेले. मग?”

“कालव्याला रब्बीची पाळी कवापसून सुटलीय?”

महिनाभर याच धरणातून कालव्याला पाणी चालू होतं. माझ्याच शाळेसमोरून तो कालवा जातो, पोरं मधल्या सुट्टीत त्याच्या काठावर डबे खातात.

“टेकडी वर न्हाई आली, बाई,” अण्णा म्हणाले. “पाणी खाली गेलं.”

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खुर्ची करकरायला लागली, मग डोळ्यांत पाणी आलं. आई हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी दरवर्षी दहावीच्या पोरांना फळ्यावर ठळक रेघ ओढून सांगते, की उंची असो की खोली, ती कशापासून मोजली हे आधी ठरलं पाहिजे, म्हणून समुद्रसपाटी. जी चूक केली म्हणून मी पोरांचे दोन गुण कापते, तीच चूक मी चार रविवार उन्हात उभी राहून केली होती. एरवी माझ्यावर कुणी असं हसलं असतं तर मी महिनाभर त्याच्याशी बोलले नसते. त्या दिवशी मी मुकाट्यानं हसू दिलं.

“तुला एकटीला जमायचं न्हाई,” डोळे पुसत अण्णा म्हणाले. “रविवारी मी येतो. निस्तं बघायला.”

पुढच्या रविवारी स्कूटीवर माझ्या मागं बसून त्यांनी जिंतूरपासून येलदरीपर्यंत मला गाडी चालवायला शिकवलं. वीस वर्षं मी स्कूटी चालवते आहे. “आता डावीकडं दाब. पुढं खड्डा हाय.” खड्डा निघायचाच, कारण तो त्यांना पाठ होता. काठावर पोहोचल्यावर त्यांनी पहिलं काम सांगितलं ते पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकायचं. तिच्यावर चाकूनं खुणा करायच्या, आणि दर रविवारी पाणी कोणत्या खुणेला आहे ते आधी लिहायचं, मग बाकीचं. बी.एड. झालेल्या मी मुकाट्यानं खुंटी ठोकली.

मग मी गाजर फेकलं. दोरी ताणली, सोडली, अकरा फुटांना ते टुणकन वर आलं. उन्हात चांगलं चमकत होतं.

“दिसलं का, अण्णा?”

“दिसलं की. झकास दिसायलंय.”

मी वळून पाहिलं. अण्णांचं तोंड भलतीकडेच होतं. तिकडे एक पाणकावळा नुसती मान वर काढून पोहत होता. मी कागदावर अकरा लिहून घेतले. तेवढ्यात पाणकावळ्यानं बुडी मारली.

“गेलं बघ!” अण्णा ओरडले. “मासा लागला! वढ, वढ!”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव.

“अण्णा, गाजराला गळच न्हाई! आन ते गाजर न्हाई, पाणकावळा हाय!”

काका होडी घेऊन जवळच होते. ते या वेळी हसले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, “चल घरी.”

मी जीभ चावली. उपयोग नव्हता. महिनाभर जे जुळवलं होतं ते मी एका वाक्यात घालवलं होतं, आणि आता हा माणूस पुन्हा कधी इथं येणार नाही, हे मला कळत होतं. काय करावं सुचेना, म्हणून मी पिशवी आवरायला घेतली आणि काठी त्यांच्या हातात दिली. “तेवढी दोरी गुंडाळा, अण्णा.” त्यांनी पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोंड माझ्याकडे करून रीळ फिरवायला लागले.

चार वेढ्यांनंतर हात थांबला. मग परत फिरला, अगदी हळू. परत थांबला.

“पोरी, इथं खडी हाय.”

“कुठं?”

“खाली. टकटक करायलीय, उघड्या खडीवर चाक गेल्यावानी.” त्यांनी अजून एक वेढा घेतला. “आता बारीक मुरूम. थांब... आता चिखल. लय चिखल. दुसऱ्या गिअरात बी निघायची न्हाई.”

मी पिशवी तिथंच टाकली. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. स्टेअरिंगवर रस्ता हाताला जसा लागतो तसंच हे लागायलंय, असं त्यांनी मला सांगितलं, आणि मग हुकूम सुटायला लागले. परत फेक. डावीकडं फेक. तिकडं न्हाई, बाभळीच्या नाकासमोर. मी फेकायचे, ते ओढायचे आणि बोलायचे, मी लिहायचे. दीड तासात कागद भरून गेला. माझ्या नेमक्या समोच्च रेषांच्या जागी आता खडी, मुरूम, कच्चा रस्ता, डांबरावानी गुळगुळीत असं लिहिलेलं होतं. एका जागी शिसं जरा अडून, उडी मारून पुढं यायचं. मी तिथं ‘उंचवटा’ लिहायला लागले.

“उंचवटा काय? गतिरोधक लिही.”

“अण्णा, भूगोलात गतिरोधक नसतो.”

“रस्त्यात असतो. लिही.”

मी लिहिलं. गतिरोधकाच्या अलीकडे चिखल होता आणि पलीकडे खडी. मासे चरायला येतात ती कड हीच. रिळापाशी दोरीला लाल धागा बांधून मी तेवढ्या अंतराची खूण केली. गाजर काढून ठेवलं, गळ बांधला. गोळीला कणीक कुठून आणायची, असं मी म्हणत होते, तर आईनं दिलेल्या डब्यात भाकरीखाली, फडक्यात बांधलेला पेंड घातलेल्या कणकेचा गोळा निघाला. बडीशेपेचा वास येत होता. आईनं मला सांगितलं नव्हतं.

मी खुणेइतकं लांब फेकलं, दोरी ताणली आणि काठी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी दोरी तर्जनीवर घेतली आणि बसले. आणि मग बोलायला लागले. मी फेकते कशी, त्यात मनगट कसं नाही, काकांची होडी एका अंगाला कशी झुकलीय, मुख्याध्यापकांनी शाळेचं फाटक रस्त्याकडं उघडणारं का केलं, आईनं लोणच्यात मोहरी किती जास्त टाकलीय. सात महिन्यांचं साठलेलं होतं. मी हूं हूं करत होते आणि मनातून एवढी सुखावले होते, की त्यांच्या एकाही वाक्याला विरोध केला नाही. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

अर्ध्या वाक्यात ते थांबले. बोट हललं. अजून एकदा हललं. अण्णांनी काठी उचलली आणि ती कमानीसारखी वाकली.

“रोहू न्हाई हा,” ते दात दाबून म्हणाले. “खाली खाली वढायलाय. जड हाय. जाळी घे!”

मासा त्यांना डावीकडे घेऊन गेला, मग उजवीकडे, मग थेट खोल पाण्याकडे. अण्णा दोरी सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे, आणि ओठातल्या ओठात त्याला शिव्या द्यायचे. मी गुडघाभर पाण्यात साडी भिजवून, जाळी धरून उभी होते. शेवटी तो कडेला आला. जाड सोनेरी खवल्यांचा, ओठाशी आखूड मिशा असलेला सायप्रिनस, म्हणजे तो परदेशी कार्पच. दोन्ही हातांनी जाळी उचलून मी तो गवतावर आणला, तेव्हा मला दम लागला होता. अण्णा काठी टाकून गवतावर हात चाचपडत आमच्यापाशी आले.

काकांनी होडी काठाजवळ आणली होती. शेजारच्या बाभळीखालची दोन माणसंही उठून उभी राहिली होती.

“डायवरसाब!” काका ओरडले. “केवढा हाय हो?”

मी अण्णांकडे पाहिलं. आता आकडा येणार, आणि तो चारच्या खाली असणार नाही, अशी माझी खात्री होती.

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

“मला दिसत न्हाई, भाऊ,” ते मोठ्यांदा म्हणाले, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पोरीला इचार.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मासा दोन्ही हातांत तोलला, आणि खरा आकडा सांगावा की अण्णांचा, हे ठरवायला लागले. अण्णा माझ्याकडे कान करून थांबले होते.